सरांचे अकरा ड्रायव्हर

आमचे सर कॉम्प्युटरला उत्तर द्यायचे. मोठ्याने, मराठीत आणि अहो-जाहो करून. पडद्यावर इंग्रजीत काही उमटलं की ते खुर्चीत ताठ व्हायचे, कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचे, सगळं वाक्य वाचायचे आणि म्हणायचे, "हो, आम्हाला ही फाईल ठेवायची आहे. आभारी आहोत." मगच बटण दाबायचं. आणि ‘तुमची खात्री आहे का?’ असा प्रश्न आला की संपलंच. सर उठून गॅलरीत जायचे, रविवार कारंज्याकडची रहदारी बघत उभे राहायचे, आपली खरंच खात्री आहे का हे मनाशी तपासायचे, माठातलं पाणी प्यायचे आणि परत येऊन सांगायचे, "आहे." नाहीतर, "आज नको." एकदा नुसती एक रिकामी फाईल खोडायची होती. सर गॅलरीत गेले आणि इकडे लाईट गेले. लाईट आल्यावर मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि सरांनी ठरवलं की ही फाईल खोडायची नाही. मी ती नोकरी सोडली तेव्हाही ती रिकामी फाईल तिथे सुखाने नांदत होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची. तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला आणि आपल्याला सगळं येतं असा समज. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते आणि सरांची जुनी टायपिंग इन्स्टिट्यूट ओस पडत चालली होती. पहिल्या मजल्यावर एक लांबडी खोली, भिंतीला लागून दहा टाइपरायटर, पलीकडे काळ्या पडद्याचे दोन जुने कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात, काचेच्या पार्टिशनमध्ये, नवा रंगीत कॉम्प्युटर. त्या एका रंगीत मशीनवर शिकवायला सरांनी मला ठेवलं होतं. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटलं. घरी मला ‘ए बये’ म्हणायचे, त्यामुळे पहिला आठवडाभर सर हाक मारायचे आणि मी मागे वळून बघायचे.

खोलीच्या दाराशी सुतळीला एक नेलकटर टांगलेला होता. आत शिरताना हात दाखवायचे, नख वाढलेलं दिसलं की तिथेच उभं राहून कापायचं. कलेक्टर आला असता तरी त्याची सुटका नव्हती. सर डोळे मिटून बसायचे आणि दहा मशीन एकदम खडखडत असताना म्हणायचे, "चौथ्या मशीनवर करंगळी वापरत नाही आहात." चौथ्या मशीनवरचा गडी चपापून करंगळी पुढे करायचा. माझं कॉलेजचं प्रेमप्रकरण मोडलं त्या दिवशी मी काहीच बोलले नव्हते, तर सर म्हणाले, "मॅडम, आज तुमची स्पेसबार फार जोरात पडते आहे. घरी जा." आता अशा माणसापुढे काय लपवणार, कप्पाळ!

त्यांची एक दोषवही होती. जाड पुठ्ठ्याची. तारीख, मशीन, दोष, कारण, उपाय. कारणाच्या रकान्यात अंदाज लिहायचा नाही असा त्यांचा नेम. कळलं तर लिहायचं, नाही कळलं तर ‘अजून कळले नाही’ असं लिहायचं. त्या वहीत ‘अजून कळले नाही’ इतक्या वेळा होतं की मला वाटायचं, याचा रबरी शिक्काच करून घ्यावा. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "शिक्का केला की शोधणं थांबतं."

पुढे खूप वर्षांनी, मी नोकरी सोडून संसाराला लागल्यावर, एकदा सहज डोकावले होते. तेव्हा नवे माउस आले होते, नुसती पिन खुपसली की आपोआप चालू होणारे. सर रुसून बसलेले. "काही विचारलं नाही, मॅडम. सरळ आत आला आणि कामाला लागला! कोण, कुठला, काही नाही." त्यांनी तो माउस तीनदा काढून पुन्हा लावून बघितला होता, आता तरी काही विचारेल म्हणून. मी हसले आणि मग मला कसंसंच झालं, कारण ते खरोखर दुखावलेले होते.

याचं मूळ त्या जुन्या माउसच्या भानगडीत आहे. तीच सांगायची आहे, पण त्याआधी मनमाडच्या ताई.

ताई तिशीच्या आतल्या. माहेर नांदगावकडचं, सासर मनमाडला. नवरा रेल्वेत होता, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या जागेवर ताईंना नोकरी मिळायची होती, ऑफिसातली, पण टायपिंग-कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्याचा दाखला दिवाळीच्या आत नेऊन द्यायचा होता. तो नाही दिला तर घरच्यांनी कागद तयारच ठेवलेला होता. ‘ही नोकरी माझ्या दिरास देण्यास माझी हरकत नाही’ असं लिहिलेला. खाली फक्त ताईंची सही व्हायची बाकी. "कागद देवघरात ठेवलाय सासूबाईंनी," ताई मला म्हणाल्या होत्या. "रोज सकाळी दिवा लावते आन् तो दिसतो." त्या पहाटेची गाडी धरून नाशिकरोडला उतरायच्या, तिथून सिटी बस, आणि साडेनवाला इन्स्टिट्यूटमध्ये हजर. टायपिंगमध्ये त्यांचा हात असा बसला होता की सर डोळे मिटून ऐकत राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. सरांकडून ‘काही बोलायचे नाहीत’ हे सुवर्णपदकच.

पण परीक्षेत पन्नास गुण रंगीत कॉम्प्युटरचे होते, आणि त्यात आमच्याच मशीनवर, परीक्षकासमोर माउसने कामं करून दाखवायची. खिडकी उघडा, मोठी करा, फाईल ओढून इकडून तिकडे न्या. ताईंना माउसची भीती वाटायची. हातात धरला की त्या श्वास रोखायच्या. महिनाभर मी त्यांच्या हातावर हात ठेवून तो फिरवला तेव्हा कुठे बाण त्यांचं ऐकायला लागला.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या मशीनची पूजा असायची, झेंडू, आपट्याची पानं, हळद-कुंकू. आणि सरांचा नियम असा, की ज्याच्या हाताखाली जे यंत्र, त्याने त्याची पूजा करायची. आणि ओलं हळद-कुंकू लावायचं ते यंत्राच्या फिरणाऱ्या भागाला. "न फिरणाऱ्या भागाला लावून काय उपयोग? काम कोण करतं?" टाइपरायटरच्या रुळाच्या टोकाला लावायचं, पंख्याच्या मधल्या वाटीला लावायचं. आता कॉम्प्युटरचं काय फिरतं? यावर सरांनी आदल्या दिवशी बराच विचार केला. शेवटी माउस उलटा केला. त्या काळच्या माउसच्या पोटात जड रबरी गोळी असायची, ती घरंगळली की बाण हलायचा. सरांनी बोटाने गोळी फिरवून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "इथे."

रंगीत कॉम्प्युटर हाताखाली कोणाच्या? ताईंच्या. सरांनी तबक त्यांच्यापुढे धरलं. ताई मागे सरकल्या.

"मी नाय लावत सर. मला नाय चालत आता."

"या मशीनवर कोण बसतं?"

"मीच बसते."

"मग पूजा दुसऱ्याने करून कसं चालेल?"

खाली राहणाऱ्या घरमालकीण वहिनी प्रसादाचं ताट घेऊन वर आल्या होत्या, त्यांनी ओठ मुडपले. ताईंनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा तबकाकडे. मग त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. एक नाही, तीन बोटं बुडवली. दोन वर्षांत हात न लावलेलं कुंकू ते. गोळीवर लावलं, फिरवलं, पुन्हा लावलं, हळद वाहिली, फुलाने पाणी शिंपडलं. ओठ पुटपुटत होते. सर तेवढ्या वेळात पंख्याकडे बघत उभे होते. कपाटात एक जादाचा माउस होता, दुकानदाराने चुकून दिलेला, गोल पिनचा. आमच्या मशीनला गोल भोक नव्हतं, म्हणून तो तसाच पडून. सर म्हणाले, त्यालाही वाईट वाटायला नको. त्याची पूजा मी केली. बोटाच्या टोकाने जरासं टेकवलं, उरकलं.

जिन्यात वहिनींनी मला गाठलं. "तिला कशाला पुढं करायचं? तुझ्या सरांना काही रीतभात? आता बघ काय होतं ते." मी "हो ना" म्हणाले. खोटं कशाला सांगू? म्हणाले.

दसऱ्याला मशीन बंद ठेवायची असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई येऊन बसल्या, माउस धरला, आणि बाण नुसताच आडवा जायला लागला. डावीकडे जातोय, उजवीकडे जातोय, वर-खाली मात्र ढिम्म नाही. मी बघितलं, तेच. सरांनी बघितलं, तेच. परीक्षा अकरा दिवसांवर.

दुकानात फोन केला. तिकडचा माणूस घाईत होता. "ड्रायव्हर गेला असेल. नवा टाका. फ्लॉपी पाठवतो." आणि फोन ठेवला.

आता खरं सांगते, ड्रायव्हर म्हणजे काय हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. कोर्समध्ये एक ओळ होती, ती मी पाठ केली होती आणि परीक्षेनंतर विसरले होते. ताईंनी विचारलं, "म्याडम, ह्यो डायवर कुठं बसतो?" मी म्हटलं, "आत असतो." सरांना विचारलं तर ते म्हणाले, "माउस हलतो हे मशीनला समजावून सांगणारी ती एक लिहिलेली यादी असते. तिच्यात काय असतं ते मलाही माहीत नाही. म्हणून तर निवड चुकता कामा नये."

फ्लॉपी आली. तिच्यात चाळीसेक ड्रायव्हर. सरांनी माउस उलटा करून पोटावरची चिठ्ठी वाचली. कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव आणि लांबलचक आकडा. ते नाव यादीत नव्हतं. म्हटल्यावर सरांनी निवड-समिती बसवली, म्हणजे स्वतः. तीन बटणांचे ड्रायव्हर बाद, आपल्या माउसला दोनच बटणं. गोल पिनवाले बाद. ज्यांचं नाव उच्चारता येत नाही ते शेवटी. उरले अकरा. रोज एक. "एकच का? अहो, दिवसात चार होतील," मी म्हटलं. सर म्हणाले, "घाई कोणाला आहे? नव्या ड्रायव्हरला एक दिवस तरी द्यायला हवा. तुम्हाला दिला होता की नाही?"

घाई ताईंना होती! पण हे त्यांना कोण सांगणार?

पहिल्या ड्रायव्हरने बाण आडवाच ठेवला. दुसऱ्याने गायब केला. तिसरा टाकल्यावर बाण वेड्यासारखा पडदाभर पळत सुटला, आपोआप खिडक्या उघडायला लागला, पत्त्यांचा खेळ सुरू झाला. सर कौतुकाने बघत म्हणाले, "हुशार आहे. पण आपला नाही." दरवेळी मशीन बंद करायचं, सुरू करायचं, पडद्यावरच्या प्रत्येक पाटीला उत्तर द्यायचं, खात्रीच्या प्रश्नाला गॅलरीत जायचं. पाचवा टाकला आणि बाण चक्क वर गेला! खाली आला! ताईंनी टाळी वाजवली. सरांनी दोषवही उघडली, पेन काढलं, आणि तेवढ्यात बाण पुन्हा अडला. आता हे काय? ड्रायव्हर बरोबर आहे की चूक? मी रात्री अंथरुणात पडून विचार करायचे आणि डोकं गरगरायचं. तोपर्यंत मी इतक्या वेळा माउस उलटा करून ती चिठ्ठी वाचली होती की तो आकडा मला आजही पाठ आहे. चिठ्ठीच्या बाजूलाच गोळी होती. बघितली का कोणी? छे!

"सर, नवा माउस घेऊन येऊ का?" मी सातव्या दिवशी विचारलं.

"कारण कळल्याशिवाय वस्तू बदलायची नाही. नव्यातही हाच दोष निघाला तर? मग कोणाला बदलणार?"

शेवटी परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच चिडून दुकानात गेले. सगळे गोल पिनचे. जुन्या पिनचा पुढच्या आठवड्यात मुंबईहून येईल म्हणाले. मी तिथेच भर दुकानात रडकुंडीला आले. परत आले तर ताई की-बोर्डवर सराव करत बसलेल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. फक्त म्हणाल्या, "कागदावर तारीख टाकली दिरानी. परवाची."

शनिवार उजाडला. परीक्षक अकराला यायचे होते. सर सव्वानवालाच येऊन बसले होते. यादीतला शेवटचा, अकरावा ड्रायव्हर घालायचा होता. त्यांनी सगळी उत्तरं दिली. मग खात्रीचा प्रश्न आला आणि सर गॅलरीत गेले. साडेदहा वाजलेले! मला इतका राग आला की मी माउस उचलून उलटा केला, ती चिठ्ठी आता नखाने खरवडूनच काढावी म्हणून. जोर जरा जास्त झाला. अंगठ्याखाली पोटावरची चकती गर्रकन फिरली, निघाली, आणि गोळी टुणकन खाली पडून घरंगळत ताईंच्या पायाशी गेली.

ताईंनी उचलली. गोळी लाल होती. मी माउसच्या पोटात बघितलं. आतल्या बारीक रुळांवर कुंकवाचा थर सुकून घट्ट बसला होता. एक रूळ तर जागचा हलत नव्हता.

आणि नेमक्या त्याच वेळी वहिनी परीक्षकांसाठी चहाचा थर्मास घेऊन दारात उभ्या. "बघ," त्या म्हणाल्या. "सांगितलं नव्हतं मी?"

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगायला हवं. मला वाटलं, वहिनी म्हणाल्या तसंच झालं की. मी शिकलेली, कॉम्प्युटरवाली मॅडम, आणि माझ्या मनात हे आलं. मला त्याची आजही लाज वाटते.

ताईंनी गोळी टेबलावर ठेवली. पिशवी उचलली. "माझ्याच हातानं झालं हे," त्या म्हणाल्या. "मला नव्हतंच चालत. मी जाते म्याडम. सही करून टाकते." आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. त्यानेच मी घाबरले.

सर गॅलरीतून आत आले. गोळी बघितली. वास घेतला. वहिनींकडे बघितलं, ताईंच्या पिशवीकडे बघितलं. मग कपाट उघडून तो गोल पिनचा माउस काढला.

"मॅडम, याची पूजा कोणी केली होती?"

"मी."

"हा आपण वापरला?"

"नाही सर. एकदाही नाही."

सरांनी त्याची चकती फिरवली आणि गोळी तळहातावर घेतली. तिच्यावरही कुंकू होतं. आत एका रुळाला लाल रेघ चिकटलेली.

"वहिनी," सर म्हणाले, "हे कुणामुळे झालं?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, मी जमिनीकडे. "मला बाई काय कळतं मशीनमधलं," असं म्हणून त्यांनी थर्मास स्टुलावर ठेवला.

"ताई, मी गोळीला लावा म्हटलं नसतं तर तुम्ही लावलं असतं?"

"नाय."

"मॅडम, तुम्ही?"

"नाही सर."

सर दोषवही घेऊन बसले. परीक्षक यायला वीस मिनिटं, आणि हा माणूस वही लिहितोय! लिहून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. "कारण. फिरणाऱ्या भागाला कुंकू लावा, असे मी सांगितले. चूक माझी. ताईंनी व मॅडमनी सांगितल्याप्रमाणे केले." मग वही ताईंपुढे फिरवली. "वाचून बघा. चुकलं असेल तर सांगा."

ताईंनी वाचलं. सावकाश, अक्षर अक्षर. मग पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि पदराने गोळी पुसायला घेतली.

पुढची वीस मिनिटं कशी गेली देव जाणे. टाइपरायटरचे अक्षरांचे खिळे धुवायचं पेट्रोल, दाराचा नेलकटर, माझ्या केसांतली पिन. सर रूळ खरवडत होते, मी फुंकर मारत होते, वहिनीसुद्धा "थांबा, तिकडं राहिलंय अजून" म्हणून वाकून दाखवत होत्या. गोळी आत बसवली, चकती लावली. मी माउस हलवणार, तर सरांनी माझा हात धरला.

"अकरावा राहिलाय."

"सर, आता कशाला? कुंकूच होतं ना!"

"सुरू केलेलं काम अर्धं सोडायचं नाही." आणि त्यांनी अकरावा ड्रायव्हर घातला. मशीन बंद झालं, सुरू झालं. जिन्यात परीक्षकांच्या चपला वाजत होत्या. ताईंनी माउस धरला. बाण वर गेला, खाली आला, तिरका गेला, सांगाल तिथे गेला.

आता मला सांगा, तो कुंकू काढल्यामुळे चालला की अकराव्यामुळे? मला विचाराल तर कुंकवामुळे. पण शपथेवर सांगणार नाही. सरांनी उपायाच्या रकान्यात दोन्ही लिहिलं आणि पुढे जोडलं, ‘दोन्ही एकाच वेळी केल्याने नेमके कोणते, ते कळले नाही.’ या एका वाक्यावरून मी त्यांच्याशी पुढे दोन वर्षं भांडले. ते म्हणायचे, कुंकू पुन्हा घालून बघू. मी म्हणायचे, सर, पाया पडते तुमच्या.

धुळ्याहून आलेले परीक्षक चहा पिऊन खुर्चीत बसले. ताईंनी खिडकी उघडली, मोठी केली, फाईल ओढून नेली. एकदा मधेच श्वास रोखला, तेव्हा सर काचेबाहेरून नुसते खोकले. ताईंनी श्वास सोडला. टायपिंगच्या वेळी सर डोळे मिटून उभे होते. दुपारी परीक्षकांनी दाखल्यावर सही-शिक्का केला आणि ताई तो पदराखाली धरून स्टेशनकडे पळाल्या. आभार वगैरे मानायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. आमच्याही नाही.

मग काहीच कळेना. दाखला वेळेत पोचला का? देवघरातल्या कागदाचं काय झालं? दिवाळी गेली, भाऊबीज गेली. मनमाडहून चिठ्ठी नाही, फोन नाही. मला वाटायला लागलं की घरच्यांनी दाखला फाडून टाकला असणार. सरांना म्हटलं तर ते म्हणाले, "अजून कळले नाही," आणि मला त्यांचा भयंकर राग आला. पण टाइपरायटरची खडखड चालू असताना ते फोनच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायला लागले होते, तेही मी बघत होते.

एका दुपारी फोन वाजला. सरांनी उचलला. पलीकडे स्टेशनची घोषणा चालली होती, ती मला टेबलापलीकडून ऐकू येत होती. आणि ताईंचा आवाज, "सर, सही करून आले."

दुसरा कोणीही असता तर ‘अरे वा’ म्हणाला असता. नाहीतर ‘अरेरे’. पण आमचे सर!

"कुठल्या कागदावर?" त्यांनी विचारलं.

अहो, असं विचारतात का कोणी? तिने दिराच्या कागदावर केली असेल तर ती बिचारी आता काय सांगेल? सर रिसीव्हर कानाला लावून उभे होते. गाडीची शिट्टी झाली, पलीकडचं काही ऐकू येईना. सरांचा चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतला, जणू फोनमधलं वाचायचं होतं. मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून खुर्चीत बसले.

"हॅलो? ताई?" मी ओरडले. "कुठल्या कागदावर?"

"मस्टरवर, म्याडम!" ताई गाडीच्या आवाजावरून ओरडत होत्या. "मस्टरवर केली! माझं नाव हाय तिथं!"